मधुमेहींच्या पायांचा रक्तपुरवठा: व्यायाम कोणता, किती आणि केव्हा

मधुमेह अनेक वर्षे अंगात राहिला आणि रक्तातली साखर आटोक्यात नसली, की पायांवर दोन बाजूंनी घाला पडतो. गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात आणि पायाचे मज्जातंतू बधिर होत जातात. रक्त कमी पोचते म्हणून जखम भरत नाही, संवेदना नसते म्हणून जखम झाल्याचे कळत नाही. चिघळलेली जखम, काळे पडलेले बोट आणि शेवटी शस्त्रक्रियेने काढावा लागलेला पाय, या सगळ्याची सुरुवात बहुतेक वेळा अशा न कळलेल्या लहानशा जखमेतून होते. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा की, मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते.

हा धोका कमी करण्याचा एक उपाय विनाखर्चाचा आहे: पायांचा नेमका आणि नियमित व्यायाम. त्याला यंत्र लागत नाही, व्यायामशाळा लागत नाही. घरातली खाट, भिंत आणि अंगण पुरते. मात्र एक अट आहे. कोणत्या पायाला कोणता व्यायाम चालतो हे आधी पाहावे लागते, कारण एका पायाला उपकारक ठरणारा व्यायाम दुसऱ्या पायाला घातक ठरू शकतो.

जंगल तालुक्यातही मधुमेह

मधुमेह हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत आता टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते.

महाराष्ट्रातल्याच गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मलेरिया, कुपोषण, सिकलसेल आणि कुष्ठरोग यांकडे लक्ष दिले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण रक्तवाहिन्यांचे आजारही येथे आता दूरचे राहिलेले नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. सुमारे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाला होता. मेंदूच्या रक्तवाहिन्या ज्या कारणांनी खराब होतात, त्याच कारणांनी पायांच्याही होतात: वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू.

याच जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात या प्रश्नाला स्थानिक कंगोरे आहेत. येथील माडिया गोंड आणि इतर कुटुंबांचे वर्ष पायांवरच चालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे उठून मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायचे, पावसाळ्यात धानाच्या बांधीत रोवणीसाठी दिवसभर चिखलात उभे राहायचे. काटा, खुंट, तापलेली जमीन आणि सतत ओला राहणारा तळवा यांच्याशी निरोगी पायाचे जमते, बधिर पायाचे जमत नाही. दुसरीकडे तालुक्याच्या गावी दुकान, कार्यालय, शाळा अशी बसून करण्याची कामे आणि दारातली दुचाकी यांमुळे चालणे कमी झालेला वर्गही आहे. पहिल्याला पाय जपत व्यायाम करायचा आहे, दुसऱ्याला मुळात पाय हलवायचे आहेत.

पायात रक्त कमी का पडते

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त मांडीतून गुडघ्यामागे येते आणि तेथून खाली तीन मुख्य रोहिण्यांमधून पोटरी, घोटा आणि पावलापर्यंत जाते. मधुमेहात या गुडघ्याखालच्या तीन रोहिण्यांना विशेष इजा होते. त्यांच्या आतल्या अस्तरावर चरबीयुक्त थर साचतो, भिंतीत चुना साठून त्या कडक होतात आणि पोकळी अरुंद होते. रोहिणीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचे द्रव्य सोडून ती गरजेप्रमाणे रुंद करते. साखर सतत वाढलेली असली की हे कामही मंदावते.

अशुद्ध रक्त वर नेण्याची व्यवस्था वेगळी आहे. पोटरीचे स्नायू आकसले की मधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसला किंवा एकाच जागी उभा राहिला, तर पोटरीचा हा पंप बंद राहतो, पाय जड होतात आणि सुजतात.

रक्त कमी पडण्याचे नेहमीचे लक्षण म्हणजे चालताना पोटरीत येणारी कळ. ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, थांबले की काही मिनिटांत बरे वाटते. पण मधुमेहात मज्जातंतूच बधिर झालेले असतील तर ही कळ जाणवतच नाही. त्यामुळे ‘पाय दुखत नाहीत, म्हणजे पाय चांगले आहेत’ हा निष्कर्ष मधुमेहात चुकीचा ठरतो. पावले थंड राहणे, नडगीवरचे केस झडणे, कातडी पातळ आणि चकचकीत होणे, नखे जाड होणे, बोटांचा रंग फिकट किंवा जांभळट दिसणे आणि जखम पंधरा-पंधरा दिवस न भरणे ही इतर लक्षणे लक्षात ठेवावी लागतात. रात्री झोपल्यावर पाऊल ठणकत असेल आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावरच आराम पडत असेल, तर रक्तपुरवठा फारच घटलेला आहे. त्या अवस्थेत घरगुती व्यायामावर वेळ घालवू नये.

आधी तपासणी

व्यायाम सुरू करण्यापूर्वी पायांची एकदा नीट तपासणी झाली पाहिजे. ती करायला फार वेळ लागत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाच्या रेषेत एक नाडी लागते. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे असते. दोन्ही नाड्या बोटांना स्पष्ट लागल्या तर रक्तपुरवठा बहुधा ठीक असतो. शंका असेल तर हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. घोट्याच्या दाबाला हाताच्या दाबाने भागून येणारा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे समजतात. आकडा १.४ च्या वर गेला तर रोहिण्या चुना साठून कडक झालेल्या असतात आणि मोजमाप फसवे ठरते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब पाहावा लागतो.

संवेदना तपासण्यासाठी नायलॉनचा एक बारीक तंतू वापरतात. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला, की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचे. अंगठ्याखाली, चवड्यावर एकामागून एक जागी तंतू टेकवला जातो आणि काही जागी ‘हो’ येतच नाही. जो पाय एवढा स्पर्श ओळखत नाही, तो चपलेतला खडाही ओळखणार नाही.

एटापल्ली भागात या तपासणीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, कुष्ठरोग. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तो अजून आढळतो आणि त्यातही पाय बधिर होतात. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, संवेदना नसलेला चट्टा असेल, तर बधिरतेचे कारण केवळ साखर मानून थांबू नये. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो.

दुसरी, सिकलसेल. या आजारात घोट्याजवळ हट्टी जखमा होतात आणि त्या मधुमेहाच्या जखमांपेक्षा वेगळ्या असतात. शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो आणि साखर आटोक्यात असल्याचा भास होतो. अशा रुग्णाची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर प्रत्यक्ष मोजूनच पाहावी.

व्यायामाने काय साधते

व्यायामाने रोहिणीत साचलेला थर विरघळून जात नाही, हे आधी स्पष्ट असलेले बरे. तरीही फायदे ठोस आहेत. चालताना रक्ताचा वेग वाढतो, रोहिणीचे अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडू लागते आणि रोहिणी अधिक रुंदावते. स्नायू मिळालेल्या प्राणवायूचा काटकसरीने उपयोग करायला शिकतात. बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढायला चालना मिळते. त्यामुळे पूर्वी ज्या अंतरावर पोटरीत कळ यायची, ते अंतर काही आठवड्यांत लांबते. स्नायू साखर वापरतात म्हणून रक्तातली साखर उतरते आणि रक्तदाबालाही मदत होते.

सांध्यांनाही लाभ होतो. मधुमेहात घोटा आणि बोटांचे सांधे आखडतात, त्यामुळे चालताना चवड्यावर जास्त दाब पडतो. तेथे घट्टा होतो आणि घट्ट्याखाली जखम तयार होते. सांधे मोकळे ठेवणारे व्यायाम हा दाब कमी करण्यास मदत करतात.

बधिर पायाने चालूच नये, असे पूर्वी सांगितले जाई. आता तो सल्ला बदलला आहे. पायावर जखम नसेल, योग्य पादत्राण असेल आणि पाय रोज पाहिला जात असेल, तर बधिर पायांच्या व्यक्तींनी हळूहळू चालणे वाढवल्याने जखमांचे प्रमाण वाढत नाही, असे अभ्यासांत दिसले. मधुमेही पायांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांसाठी रोजच्या चालण्यात सुमारे १,००० पावलांची वाढ सुरक्षित मानली आहे.

चालणे: पहिला व्यायाम

पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी सर्वांत जास्त पुरावा चालण्याच्या व्यायामाचा आहे. पोटरीत कळ येणाऱ्यांसाठी त्याची पद्धत ठरलेली आहे. अशा वेगाने चालावे की तीन ते पाच मिनिटांत पोटरीत कळ सुरू होईल. ती मध्यम झाली की थांबावे, बसावे किंवा उभे राहावे. कळ पूर्ण गेली की पुन्हा चालावे. चालणे आणि थांबणे मिळून सुरुवातीला ३० मिनिटे, पुढे ४५ मिनिटांपर्यंत न्यावे. आठवड्यातून किमान तीन दिवस आणि निदान बारा आठवडे हे चालू ठेवावे. कळ आली म्हणून व्यायाम सोडून देणे ही यातली नेहमीची चूक आहे. कळ येणे, थांबणे आणि पुन्हा चालणे यांतूनच स्नायू तयार होतो. पाय बधिर असल्यामुळे कळ जाणवत नसेल, तर घड्याळ लावून पाच मिनिटे चालणे आणि दोन मिनिटे विसावा असा क्रम ठेवता येतो.

ज्यांना कळ येत नाही, त्यांनी आठवड्याला एकूण १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, श्वास थोडा वाढेल इतक्या वेगाने चालावे. दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये.

शेतात आणि जंगलात राबणाऱ्यांना ‘रोज इतके चालतोच की’ असे वाटणे साहजिक आहे. पण डोक्यावर मोळी किंवा पानांचे ओझे घेऊन, पातळ चपलेने, दगडगोट्यांतून केलेली चाल पायाला घासते आणि थकवते. तिच्यात विसाव्याचा क्रम नसतो. अशा व्यक्तींनी आणखी लांब चालण्यापेक्षा घोट्याचे आणि बोटांचे व्यायाम करावेत आणि पायांच्या संरक्षणाकडे जास्त लक्ष द्यावे. पावसाळ्यात नाले भरून रस्ते बंद होतात आणि वाटा निसरड्या होतात. त्या महिन्यांत घराच्या पडवीतच फेऱ्या माराव्यात आणि पुढे दिलेले खाटेवरचे व्यायाम करावेत.

बर्जर-ॲलन व्यायाम: खाटेवरचा क्रम

न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये तंबाखू ओढणाऱ्या तरुणांच्या हातापायांतील रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले. तो आजार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अशा पायांसाठी त्यांनी शरीराची स्थिती बदलण्याचा व्यायाम सांगितला आणि पुढे आर्थर ॲलन यांनी त्यात सुधारणा केली. आज फिजिओथेरपीत हा ‘बर्जर-ॲलन व्यायाम’ मधुमेही पायांसाठीही शिकवला जातो. त्याचे तत्त्व सोपे आहे: गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने पायातल्या रक्तवाहिन्या आळीपाळीने रिकाम्या करायच्या आणि भरायच्या.

त्यासाठी खाट किंवा बाज पुरते. पहिल्या टप्प्यात उताणे झोपून दोन्ही पाय साधारण ४५ अंशांत वर ठेवावेत. पायांखाली गोधड्यांची घडी, पोते किंवा भिंत यांचा आधार घ्यावा, अधांतरी धरू नयेत. एक ते दोन मिनिटांत तळवे फिकट पडतात. ते फिकट पडले की, किंवा दोन मिनिटे झाली की, हा टप्पा संपवावा.

दुसऱ्या टप्प्यात खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडावेत. काठ मांडीखाली रुतणार नाही इतके पुढे सरकून बसावे. आता पावले वर-खाली करावीत, आत-बाहेर वळवावीत, बोटे मिटावीत आणि पसरावीत. दोन-तीन मिनिटांत पावलांवर पुन्हा गुलाबी, तांबूस छटा येते. सावळ्या पायावर रंगाचा हा बदल तळव्यावर आणि नखांखाली नीट दिसतो.

तिसऱ्या टप्प्यात पाय सरळ, अंथरुणाच्या पातळीवर ठेवून पाच मिनिटे पडून राहावे. पाय चादरीने झाकलेले असावेत.

असा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचा होतो. सुरुवातीला तीन आणि सवय झाल्यावर पाच-सहा फेरे एका वेळी करता येतात. दिवसातून दोनदा, जेवणानंतर लगेच न करता, हा व्यायाम करावा. पायात गोळे आले, चक्कर आली किंवा पाय वर ठेवल्यावर ठणका सुरू झाला, तर थांबावे. घोट्याचा रक्तदाब आणि पावलातले रक्ताभिसरण यांत या व्यायामाने सुधारणा झाल्याचे अनेक लहान अभ्यासांत नोंदले आहे. मोठ्या प्रमाणावरचा पुरावा मात्र चालण्याच्या व्यायामामागेच जास्त आहे. म्हणून ज्यांना चालता येते त्यांनी चालण्याच्या जोडीला, आणि ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी पर्याय म्हणून हा क्रम ठेवावा.

घोटा, बोटे आणि पोटरी

यांतले पहिले चार व्यायाम खुर्चीवर, ओट्यावर किंवा खाटेच्या काठावर बसून होतात.

१. पाऊल स्वतःकडे ओढावे, मग पुढे ताणावे. २० वेळा. पोटरीचा पंप यामुळे चालतो. बसचा लांबचा प्रवास असेल तर तासातासाने करावा.

२. पाऊल हवेत धरून घोट्यातून गोल फिरवावे. दोन्ही दिशांना १० वेळा.

३. जमिनीवर दुपट्टा पसरून पायाच्या बोटांनी तो चुरगाळत स्वतःकडे ओढावा. प्रत्येक पायाने १० वेळा.

४. टाच जमिनीवर ठेवून बोटे पंख्यासारखी पसरावीत, पाच आकडे मोजेपर्यंत धरावीत, सोडावीत. १० वेळा.

५. दाराची चौकट धरून उभे राहावे आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यावर यावे, हळू खाली यावे. १० ते १५ वेळा, मध्ये विसावा घेत तीनदा. चवड्यावर घट्टा किंवा जुन्या जखमेचा व्रण असेल तर हा प्रकार वगळावा.

६. भिंतीला तळहात टेकून एक पाय मागे सरळ ठेवावा, टाच जमिनीला चिकटवून पुढे झुकावे. पोटरीला ताण जाणवतो. अर्धा मिनिट धरावे. प्रत्येक पायाने तीनदा.

७. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे आणि बसावे. १० वेळा. तोल जात असेल तर शेजारी कोणीतरी असावे.

सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. उभ्याने करायचे व्यायाम अनवाणी करू नयेत.

कोणी करू नये, केव्हा थांबावे

पायाला उघडी जखम, काळे पडलेले बोट, पू किंवा दुर्गंधी असेल, तर त्या पायावर भार देणारा कोणताही व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम असलेल्या पायाला विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे.

एक पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेले दिसत असेल, ताप नसेल आणि दुखतही फारसे नसेल, तरी ते साधे मुरगळणे समजू नये. बधिर पायाची हाडे आतल्या आत मोडून पावलाचा आकार बिघडण्याची ही सुरुवात असू शकते. त्या पायावर एक पाऊलही न टाकता तपासणी करून घ्यावी.

विश्रांतीतही पाय ठणकणाऱ्यांनी पाय वर उचलण्याचा व्यायाम करू नये, कारण आधीच कमी असलेले रक्त त्याने आणखी घटते. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणे असेल तर शिरेत गुठळी असू शकते, त्या वेळी चोळणे आणि व्यायाम दोन्ही टाळावे. चालताना छातीत दाब, दम किंवा घाम सुटला तर लगेच थांबून उपचार घ्यावेत. पायांचे आणि हृदयाचे रक्तवाहिनीविकार बहुधा जोडीने येतात.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामापूर्वी १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर काहीतरी खाऊन मगच सुरुवात करावी. पहाटे उपाशीपोटी मोहफुले वेचायला किंवा पाने तोडायला निघणाऱ्यांनी हे विशेष पाळावे आणि पदराला, खिशाला साखर किंवा गुळाचा खडा बांधून न्यावा. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची खूण. साखर २५० च्या वर असून उलटी, पोटदुखी किंवा ग्लानी असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांकडे जावे.

खर्रा आणि विडी

तंबाखू चालू ठेवून केलेला व्यायाम अर्धा वाया जातो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि ते धुरातून आले काय किंवा गालात धरलेल्या खर्ऱ्यातून आले काय, रक्तातच पोचते. गडचिरोलीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पुरुषांप्रमाणे स्त्रियाही खातात, मुलेही शिकतात. दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालू आहे. मधुमेहीने खर्रा किंवा विडी सोडणे हे पायासाठी कोणत्याही व्यायामाइतकेच मोलाचे आहे.

पादत्राण आणि रोजची पाहणी

बधिर पायाचे शास्त्र मोठ्या प्रमाणात भारतातच घडले, आणि तेही कुष्ठरुग्णांच्या सेवेतून. तमिळनाडूत जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगामुळे आपोआप झडतात, अशी तेव्हा समजूत होती. वेदना जाणवत नसल्यामुळे भाजणे, टोचणे, घासणे यांच्या इजा होत राहतात आणि त्यातून बोटे जातात, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला तयार केल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर हेच ज्ञान त्यांनी मधुमेही पायांसाठी वापरले. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनामुळे चंद्रपूर-गडचिरोलीला कुष्ठसेवेची जुनी परंपरा आहे. जखम होऊ न देणे हाच बधिर पायाचा खरा उपचार, हा त्या सेवेतून आलेला धडा मधुमेहींनाही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून व्यायामाच्या आधी आणि नंतर पाय पाहणे हा व्यायामाचाच भाग समजावा. घरी आल्यावर उजेडात बसून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या मुलाला पाहायला सांगावे. काटा, फोड, भेग, लाल डाग दिसला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवावा, कारण खडा किंवा तळातून वर आलेला खिळा पायाला कळणार नाही, हाताला कळेल. चप्पल मऊ तळाची, टाचेमागे पट्टा असलेली आणि बोटांना न आवळणारी असावी. बांधीतून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. तळव्याला आणि टाचेला तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये.

पाय थंड पडतात म्हणून शेक घेण्याची सवय सर्वांत धोक्याची आहे. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय पसरून बसल्यावर किंवा झोपल्यावर बधिर पाय भाजतो आणि सकाळी फोड दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. ऊब हवी असेल तर सुती मोजे घालावेत, चादर घ्यावी आणि खाटेवरचा व्यायाम करावा. आंघोळीचे पाणीही पायाने न तपासता कोपराने तपासावे.

कोठे जावे

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. गावातल्या आशाताई उपकेंद्राची वाट दाखवू शकतात. पुढे एटापल्लीचे ग्रामीण रुग्णालय, अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय आणि गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय ही साखळी आहे. रोहिणीतला अडथळा मोठा असेल तर फुग्याने ती रुंद करण्याचे किंवा शस्त्रक्रियेने रक्ताला नवी वाट करून देण्याचे उपचार मोठ्या रुग्णालयांत होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी. काळा पडू लागलेला पाय वेळेत पोचला तर पुष्कळदा वाचतो. पाऊस सुरू झाल्यावर वाटा अडतात, म्हणून दूरच्या गावांतल्या मधुमेहींनी मे महिन्यातच पाय दाखवून घ्यावेत आणि औषधांचा पुरेसा साठा जवळ ठेवावा.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी, पाय बधिर असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. रोज पाच मिनिटे पाय पाहावेत, अर्धा तास चालावे आणि वीस मिनिटे घोट्या-बोटांना द्यावीत. घरात कोणाला मधुमेह असेल तर आज रात्री त्यांच्या तळव्यांवर एकदा नजर टाकावी आणि उद्यापासून व्यायामाला त्यांची सोबत करावी.